वाड्याचे सागवान आणि सामी वढकीचे दार

दिवाळी जवळ आली की मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना वाड्यांची आठवण येते. सागवानी खांब, कडीपाटाचे छत, चौकातले वृंदावन, ओसरीवरचा झोपाळा आणि शेवटी ‘आपली वाडा संस्कृती लोप पावते आहे’ असा उसासा. समाजमाध्यमांवर तर हे आता वर्षभर चालते. जुन्या वाड्यांचे खांब विकत घेऊन फार्महाऊसच्या दिवाणखान्यात उभे केले जातात, हेरिटेज वॉक निघतात, आणि आपल्यातलीही काही शिकलेली मुले तिथे फोटो काढून खाली ‘आपला वारसा’ असे लिहून टाकतात.

फोटोचे आम्हाला काही वाटत नाही. ‘आपला’ या शब्दाचे वाटते. ज्या चौकात आपल्या पणजोबाचा पाय पडू दिला गेला नाही, ज्या माजघराची हवाही आपल्या पणजीला लागली नाही, तो वाडा ‘आपला’ कधी झाला?

यावर चळवळीत दुसरे टोक आहेच. ‘वाडे म्हणजे पेशवाई, पाटीलकी, सावकारी. पडू द्या. आपल्याला काय त्याचे?’ ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण आम्हाला ती पटत नाही. कारण उसासा टाकणारा आणि पाडू म्हणणारा, दोघेही एक गोष्ट न तपासता मान्य करून बसले आहेत. ती म्हणजे जड लाकडाच्या सांगाड्यावर इमारत उभी करण्याची विद्या वाड्याच्या धन्याची होती. ती त्याची नव्हती. या सह्याद्रीत त्या विद्येचा सर्वांत जुना पुरावा कोणत्याही वाड्यात नाही. तो शनिवारवाड्याच्या आधी सुमारे एकोणीसशे वर्षे कोरलेल्या भाजे लेण्यात आहे, आणि त्यानंतरच्या कार्ल्याच्या लेण्यात तर एका सुताराचे नावही आहे.

आधी ही विद्या काय आहे ते साध्या भाषेत सांगतो, कारण पुरवण्यांमध्ये तिच्याबद्दल फक्त विशेषणे असतात. आपण आज जी वीट-सिमेंटची साधी घरे बांधतो, त्यांत बहुधा भिंत छताचा भार घेते. लाकडी सांगाड्याच्या घरात भिंत भार घेत नाही, सांगाडा घेतो. दगडी जोत्यावर तळखडा बसवायचा, म्हणजे खांबाचा पाय ओल धरत नाही. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट. हे झाले कडीपाट. एका लाकडाच्या टोकाला कूस काढायची, दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची, कूस खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठे हे आपले जुने लोक चौरस फुटांत सांगत नसत, ‘तीन खणांचे घर’, ‘पाच खणांचे घर’ असे सांगत. म्हणजे लाकडाचा सांगाडा हेच घराचे माप होते. असे घर चांगले बांधलेले असेल तर मधली मातीची भिंत कोसळली तरी सांगाडा उभा राहतो, आणि वेळ आली तर खुंट्या काढून सगळा सांगाडा उतरवून दुसरीकडे नेताही येतो.

आता या मापात आपल्या माणसांना बसवून बघा. गावकुसाबाहेरच्या वस्तीत खण मोजावेत अशी घरे किती होती? कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर, हे गरिबीमुळेच होते असे समाजशास्त्राची पुस्तके सुचवतात. ते अर्धे खरे आहे. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरच्या बंधनांची जी यादी आपल्या लिखाणात दिली आहे, तिच्यात जमीन घेणे, गुरे बाळगणे, स्वच्छ कपडे घालणे, दागिने घालणे हे जसे गुन्हे म्हणून येते, तसे कौलारू घर बांधणे हाही गुन्हा म्हणून येतो. वाचताना आपण हे कलम पटकन ओलांडून जातो. कौल ही काय मोठी चैनीची वस्तू? पण सुताराच्या नजरेने बघा. गवताचे छप्पर चार बांबूंवर उभे राहते. कौल जड असते. त्याला आढे लागते, वासे लागतात, रिपा लागतात, आणि हे सगळे पेलायला खाली खांब आणि तुळई लागते. कौलाला बंदी म्हणजे लाकडाच्या सांगाड्याला बंदी. एका पिढीचे घर पुढच्या पिढीला मिळू नये, दर पावसाळ्यानंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात व्हावी, याची ही तजवीज होती. गवताचे घर वारसा म्हणून देता येत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला शनिवारवाडा. १७३० च्या जानेवारीत पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीच्या बाजूने. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली आणि आतले जवळजवळ सगळे लाकूडकाम जळाले. आज दिसतात त्या तटभिंती, दरवाजे आणि जोती. ज्या वास्तूच्या लाकडाबद्दल इतके लिहिले जाते, ती वास्तू आतून शंभर वर्षेही टिकली नाही. याच पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात नोंदवले आहे. सरकारी वेठीला, लाकूडफाटा आणि गवत वाहायला मात्र तोच माणूस चालत होता. जंगलातल्या ओंडक्याला विटाळ नव्हता, त्याचे खांब झाल्यावर विटाळ आला.

कुणी म्हणेल, पेशवे दप्तरात सुतारांची, पाथरवटांची नावे सापडतात. सापडतात, आम्ही नाकारत नाही. पण ती बहुतेक खर्चाच्या, मजुरीच्या आणि इनामाच्या नोंदींत. धन्याने दिले, यांनी घेतले. वास्तूच्या अंगावर धन्याच्या बरोबरीने कारागिराचे नाव कोरलेले असणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती बघायला पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसावे लागते.

मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ला. दोन्हीकडची चैत्यगृहे कातळात खोदलेली आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याकडे लाकडी इमारती म्हणून बघायला फार थोडे लोक शिकतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरा आणि वर बघा. सुमारे अडतीस मीटर लांब दालन, सदतीस खांब, आणि त्यावर गजपृष्ठाकार छताला एका ओळीत बसवलेल्या अर्धगोल फासळ्या. या फासळ्या दगडाच्या नाहीत. लाकडाच्या आहेत. स्तूपावरचे छत्रही लाकडाचे आहे. सुमारे दोन हजार वर्षे ते लाकूड तिथे आहे. वर अखंड डोंगर आहे, त्यामुळे फासळ्यांना पेलायला काहीच नाही. तरी त्या बसवल्या, कारण ज्यांनी हे दालन खोदले त्यांच्या डोळ्यांसमोर ‘सभागृह’ म्हणजे लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्यांचेच सभागृह होते.

भाजे त्याहून जुने, इसवी सनाच्या आधीचे. तिथले सत्तावीस अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, वर जाताना आतल्या बाजूला झुकलेले आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटते, खोदणाऱ्याचा हात चुकला. चुकला नाही. लाकडी कमानीचे छत खांबांना बाहेर ढकलते, म्हणून खऱ्या लाकडी इमारतीत खांब थोडे आत झुकवून उभे करत. कातळात ती गरजच नव्हती. पण काम करणाऱ्या हाताला दुसरा खांब ठाऊक नव्हता. तिथल्या चैत्याची दर्शनी बाजू पूर्वी लाकडाची होती. ती गेली. तिच्या जोडणीची चौकोनी भोके कातळात तशीच आहेत.

या भोकांविषयी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. आम्ही काही वर्षांपासून वस्तीतल्या मुलामुलींना सुट्टीच्या दिवशी लेण्यांवर नेतो, धम्मलिपीची अक्षरे ओळखायला शिकवतो. एकदा एक मुलगा सोबत होता. बारावीनंतर शिक्षण सुटलेले, पेठांमधले वाडे पाडणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला. अक्षरांत त्याचे मन लागत नव्हते. आम्ही बाकीच्यांना भाज्याच्या दर्शनी कमानीबद्दल पुस्तकात वाचलेले सांगत होतो, तेवढ्यात तो मध्येच म्हणाला, “दादा, ही कुसाची भोकं आहेत. इथं आडवं लाकूड आलं असणार, आणि ते वरनं नाही, बाजूनं सरकवलं असणार.” आम्ही विचारले, तुला कसे कळले? तो म्हणाला, “रोज हेच उपटतो ना आपण.” मग त्याने वाडा कसा उतरवतात ते सांगितले. आधी कौले, मग रिपा, मग वासे, मग आढे. तुळईला हात घालण्याआधी खुंट्या शोधायच्या. खांब सगळ्यात शेवटी. बांधणाऱ्याने ज्या क्रमाने चढवले, त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने. त्या दिवशी भाज्याचे लेणे आमच्यापेक्षा त्याला जास्त कळले, असे आमचे मत आहे. त्याच्या ठेकेदाराच्या वहीत मात्र तो ‘बिगारी’ आहे.

जात ही कामांची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे हे बाबासाहेबांनी सांगितले. आम्ही ते एम.ए.च्या पेपरात लिहून गुण मिळवले. त्या वाटणीत माणसाच्या हातातले ज्ञानही वाटले जाते, म्हणजे एकाच्या हाती असलेले ज्ञान दुसऱ्याच्या नावावर चढते, हे त्या मुलाकडे बघून अधिक नीट कळते.

आता कार्ल्याच्या लेखांकडे येऊ. तिथे डझनावारी दानलेख आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केल्याचा लेख आहे. धेनुकाकट नावाच्या गावातल्या यवनांनी खांब दिल्याचे लेख आहेत. भिक्षुणींची नावे आहेत, गृहस्थांच्या आयांची नावे आहेत. अत्तरे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने दाराचे दान दिल्याचा लेख आहे. आणि त्याच दर्शनी भागात आणखी एक लेख सांगतो की घराचे मुख, म्हणजे दार, धेनुकाकटच्या वेणुवासाचा मुलगा सामी या वढकीने केले. वढकी म्हणजे सुतार. संस्कृतात वर्धकी, पालीत वड्ढकी. विदर्भात सुतारासाठी ‘वाढई’ हा शब्द आजही ऐकू येतो, हे त्याचेच नातेवाईक.

या एका ओळीत किती गोष्टी आहेत बघा. दार दगडाचे आहे आणि ते करणारा स्वतःला सुतार म्हणवतो. लाकडाची विद्या दगडात कुणी नेली, या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच्या नावानिशी देऊन ठेवले आहे. त्याने बापाचे नाव दिले आहे, गावाचे नाव दिले आहे, आणि हे सगळे श्रेष्ठीच्या लेखाच्या शेजारी, त्याच भिंतीवर, त्याच लिपीत. तो एकटाही नाही. कोंडाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने काम केल्याचा लेख आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणारा सोनार कण्हदास याचे नाव आहे. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपले काम नोंदवले आहे. सांचीचे कठडे तर सुतारकामाचा वस्तुपाठच आहेत. उभ्या दगडी खांबांत खाचा आणि त्यांत आडव्या दगडी पट्ट्या सरकवलेल्या. त्या पट्टीचे नावच ‘सूची’, म्हणजे सुई.

लाकडी सांगाड्याचे काम कसे चालत असे याचे एक फार सुंदर वर्णन बौद्ध वाङ्मयात आहे. अलीनचित्त जातकात बनारसजवळच्या सुतारांच्या गावाची गोष्ट येते. पाचशे सुतार नावांतून नदीने वरच्या बाजूला जातात, जंगलात लाकूड तोडतात, तिथेच एकमजली-दुमजली घरांचे सांगाडे घडवतात, मुख्य खांबापासून सुरुवात करून प्रत्येक तुकड्यावर खूण घालतात, सगळे नावेत भरून खाली शहरात आणतात आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर उभे करून देतात. मजुरी घेतली की पुन्हा जंगलात. आज ज्याला प्रीफॅब म्हणून परदेशी कंपन्या विकतात, ते हेच. जातककथा म्हणजे इतिहासाची वही नव्हे, हे आम्हालाही कळते. पण तुकड्यांवर खुणा घालण्यासारखा तपशील कल्पनेतून येत नाही, तो कुणीतरी बघितलेला असतो. आणि बघणाऱ्याला तो सांगण्यासारखा वाटलेला असतो. हे जास्त महत्त्वाचे. सुताराची दिनचर्या ज्या वाङ्मयात गोष्टीच्या सुरुवातीला येते, त्या वाङ्मयाची नजर कुठे होती हे वेगळे सांगायला नको.

मघाशी शनिवारवाड्याचे सागवान जुन्नरहून आले म्हणालो. त्या जुन्नरला पुन्हा जाऊ, कारण या लेखाची खरी गाठ तिथे आहे.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत मानमोडी, शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री असे लेण्यांचे समूह आहेत, महाराष्ट्रात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. तिथल्या एका लेखात संघासाठीची ठेव दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. एक कासकार, म्हणजे काशाची भांडी करणाऱ्यांची. दुसरी वसकार, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. तिच्याकडे पैसा ठेवायचा, तिने त्यावर दरमहा व्याज द्यायचे आणि ते संघाला मिळायचे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवल्याची नोंद आहे, ती याच प्रकारची. म्हणजे आजच्या भाषेत, बांबूकाम करणारे लोक बँक होते. त्यांच्या शब्दावर आणि त्यांच्या धंद्यावर संघाचा विश्वास होता.

आज महाराष्ट्रात बांबूकाम करणारा समाज कोणता? बुरूड. आणि तो कोणत्या यादीत आहे? अनुसूचित जातींच्या.

त्या काळचे वसकार हेच आजच्या बुरुडांचे पूर्वज, असा सरळ दावा आम्ही करत नाही. दोन हजार वर्षांत माणसे हलतात, धंदे बदलतात. पण धंदा तोच, सामान तेच, आणि त्या धंद्याची सामाजिक किंमत मात्र ठेवी सांभाळणाऱ्या श्रेणीपासून अस्पृश्यतेपर्यंत घसरलेली. हे मधे केव्हातरी घडले, आणि कुणीतरी घडवले. १९४८ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या आसपास ठरवला. तो मान्य असो वा नसो, जुन्नरचा हा लेख त्या आधीचा आहे, ही गोष्ट त्यांच्या मांडणीला बळ देणारी आहे. आमच्या वाचनात या लेखाची चर्चा ‘प्राचीन व्यापार’ या मथळ्याखाली होते, ‘अस्पृश्यता’ या मथळ्याखाली होत नाही. ती तिथे व्हायला हवी.

दोन आक्षेप येतील. एक जुना आहे, इंग्रजी अंमलातल्या अभ्यासकांपासून चालत आलेला. जेम्स फर्ग्युसनने भारतीय दगडी स्थापत्य लाकडाच्या नकलेतून आले असे मांडले. त्याचे निरीक्षण बरोबर होते. पण ‘नक्कल’ हा शब्द असा वापरला गेला की जणू या कारागिरांना दुसरे काही सुचलेच नाही. आमचे म्हणणे असे की लाकूड कुजते हे सुताराइतके कुणालाच माहीत नसते. आपण बांधलेली एकही इमारत उरणार नाही हे जाणणाऱ्याने, खांबाच्या झुकावासकट आणि फासळ्यांच्या अंतरासकट ती कातळात उतरवून ठेवली असेल, तर तिला नक्कल का म्हणावे? बिहारमध्ये बराबरच्या डोंगरात लोमस ऋषी गुंफेचे दार बघा. गवताने शाकारलेल्या, लाकडी वाशांच्या कुटीचा दर्शनी भाग, तुळयांच्या टोकांसकट, कठीण ग्रॅनाइटमध्ये. तो डोंगर आजीवकांचा, म्हणजे श्रमण परंपरेचाच. लाकडाचा पहिला दस्तऐवज दगडात करून ठेवणारे लोक कोण होते, हे यावरून दिसते.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांसाठी आहे, आणि तो आम्हीच घेतो. सातवाहन काळ म्हणजे समतेचे सुवर्णयुग, असे भाषणात सांगू नका. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपल्या मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, याचे कौतुक त्यात आहे. तो लेख बौद्ध लेण्याच्या भिंतीवर आहे. म्हणजे राजा वर्णव्यवस्थेचा अभिमान बाळगणारा, आणि दान संघाला. समाजात वर्ण होताच. आमचा मुद्दा मर्यादित आहे. तशा समाजातही संघाच्या भिंतीवर सुताराला आपले नाव लावायला जागा होती. पुढे ती जागा गेली.

ती गेल्यावर लाकडाचे काय होते? इथे जपानकडे बघावे लागेल, कारण ते बौद्ध जगातले दुसरे टोक आहे. नारा शहराजवळचे होर्यूजी विहार हे जगातल्या सर्वांत जुन्या उभ्या लाकडी इमारतींपैकी एक. तिथल्या पाचमजली पॅगोडाच्या मधल्या खांबाचे झाड इसवी सन ५९४ मध्ये तोडले गेले, हे लाकडाच्या वलयांवरून ठरवले गेले आहे. म्हणजे आपल्याकडे अजिंठ्याचे काम संपून फार काळ लोटला नव्हता. तिथल्या सुवर्णगृहातल्या भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याशी केली जाते. १९४९ च्या आगीत ती होरपळली. पण पॅगोडा उभा आहे. कसा? जपानमध्ये पाऊस नाही? भूकंप नाहीत? आमच्याकडचे लाकूड वाळवीने आणि पावसाने खाल्ले, हे उत्तर फार सोयीचे आहे. लाकडी इमारत स्वतःहून तेराशे वर्षे उभी राहत नाही. दर काही पिढ्यांनी तिचे सांधे उतरवून, कुजलेला भाग काढून, नवा तुकडा जोडून ती पुन्हा उभी करावी लागते. त्यासाठी सुतारांची अखंड परंपरा लागते आणि त्यांना पोसणारा संघ लागतो. ओसाकाच्या शितेन्नोजी विहारासाठी कोरियातल्या बेकजे राज्यातून सुतार बोलावले गेले, त्यांतल्या एका घराण्याने ५७८ पासून चालवलेली कोंगो गुमी ही पेढी २००६ पर्यंत स्वतंत्रपणे विहार बांधत होती. चौदाशे वर्षे. आमच्या सामी वढकीची पेढी किती वर्षे चालली? आमच्याकडे संघ मोडला, दान आटले, श्रेणींची जागा जातींनी घेतली. बाबासाहेबांनी ज्याला प्रतिक्रांती म्हटले ती फक्त ग्रंथांत आणि राजवाड्यांत झाली नाही, ती छपरांवरही झाली. लाकडी विहार सगळीकडे जाळलेच गेले, असा पुरावा नसलेला दावा करायची गरज नाही. दुरुस्त करणारा हात काढून घेतला की पुरे होते. इमारत पुढचे काम स्वतः करते.

उरली ती लेणी, कारण कातळाला सुतार लागत नाही.

म्हणून १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या सहकाऱ्यांसह सहलीला निघाले, तेव्हा वेरूळची बौद्ध लेणी काहीही झाले तरी बघायचीच असे ठरले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्याला हात लावल्यावरून काय झाले ते आपण सगळ्यांनी वाचले आहे. तो प्रसंग सांगताना ते लोक निघाले कुठे होते, हे आपण विसरतो. ते आपल्या घराकडे निघाले होते.

आज आपल्या वस्त्यांतली विहारे सिमेंटची आहेत. असायलाच हवीत, सागवान परवडत नाही आणि जंगल तोडून विहार बांधावा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण दारावरची चैत्यकमान नीट बघा. गवंडी ती सिमेंटमध्ये ओततो आणि तिच्या आतल्या बाजूला ओळीने छोटे चौकोन काढतो, नक्षी म्हणून. ती नक्षी नाही. ती वाशांची टोके आहेत. लाकडातून कातळात आणि कातळातून सिमेंटमध्ये ती आली आहेत, आणि काढणाऱ्याला ते कुणी सांगितलेले नाही. विहार समितीने ते गवंड्याला सांगावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणखी काही करता येण्यासारखे आहे. वाडे पडणार आहेत, त्यांना वाचवा म्हणून मोर्चा काढायचे आपल्याला कारण नाही. पण ते पडताना तिथे आपली मुले असतात. सांधा उघडला की त्याचा फोटो घ्या, लाकडावर सुताराची खूण असेल तर तिचा घ्या, शब्द लिहून घ्या. कूस, खाच, आढे, तळखडा यांखेरीज प्रत्येक भागात वेगळे शब्द आहेत आणि ते सुतारांच्या शेवटच्या पिढीकडे आहेत. सुतार समाज इतर मागासवर्गात मोडतो, त्यांच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसायला आपल्याला कुणी अडवलेले नाही. बुरूड वस्तीत जा. जुन्नरच्या लेखातल्या वसकारांची गोष्ट तिथे किती जणांनी ऐकली आहे ते विचारा. आणि कार्ल्यात जो माहितीफलक लागेल, त्यावर भूतपाल श्रेष्ठीच्या शेजारी ‘वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा सुतार सामी’ हे शब्द मराठीत असावेत, असे निवेदन आपण पुरातत्त्व खात्याला द्यायला हवे. लेख तिथेच भिंतीवर आहे, पुरावा शोधायला कुठे जायचे नाही.

जुन्नरला जाणार असाल तर लेण्याद्रीच्या आधी तुळजा लेणी करा. तिथले चैत्यगृह गोल आहे, बारा खांबांचे वर्तुळ, मधे स्तूपाची जागा, वर घुमट. लाकूड-गवताची गोल झोपडी जशी असते तशी. सोबत वाडे उतरवणारा कुणी असेल तर त्याला पुढे चालू द्या, आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्या.

जय भीम.